मागच्या रांगेतला लाल दिवा

मित्रांनो, मान वाकडी झालेला, जाळीवर गंज चढलेला मी एक माईक. एका मोठ्या सभागृहाच्या शेवटच्या रांगेत, टेबलाला खिळलेला. इथे देशोदेशीची माणसं जमतात आणि सगळ्यांसाठी नियम ठरवतात. पुढच्या रांगा देशांच्या. मागची बायकांच्या संघटनांची. त्यांना मत देता येत नाही. शेवटी थोडं बोलता येतं, तेही वेळ उरला तर.

कारखान्यातून आलो तेव्हा मी कसा चकचकीत होतो! वाटलं, आपल्यातून गर्जना जातील. माझ्या वाट्याला आले श्वास. बोलण्याआधी माणूस श्वास घेतो ना, तो आधी मला कळतो. पुढच्या रांगेतल्या माझ्या भावंडांकडे येणारे श्वास पोटभर जेवून आलेले. माझ्याकडचे थरथरते. ते झेलता झेलता मीही भित्रा झालो.

त्या वर्षी भांडण एका ओळीवर होतं. ‘घरी बसून केलेलं कामही काम मानावं’, एवढीच ती ओळ. काही देशांना ती खोडायची होती. बायकांनी तिला वाऱ्यातल्या दिव्यासारखं ओंजळीत धरलं होतं. चहाच्या सुट्टीत एकेक बाई एकेका देशाच्या साहेबाला गाठायची. हसून बोलायची, पण पिच्छा सोडायची नाही. ‘आल्या गोचिडी,’ असं साहेब कुजबुजत.

सुट्टी संपत आली. माझ्यासमोर दोघी बसल्या. एक म्हातारी परिचारिका. तिला सगळ्या अक्का म्हणत. दुसरी घरी कपडे शिवणारी. आज शिवणारीने बोलायचं होतं. तिने सरावाला माझं बटण दाबलं आणि लाल दिवा लागला. तिच्या शिलाईयंत्रावर लाल म्हणजे बंद. इथे लाल म्हणजे चालू. समोर सगळे परतून, भाषांतर ऐकायचं यंत्र कानाला लावून बसले होते.

“अक्का, नाही जमायचं मला. भीती वाटते.”

“वाटू दे. मलाही वाटते. म्हणे अक्का वाघीण!”

“शिवायला कापड देणारा मुकादम दारात येऊन गेला. म्हणाला, तिकडे तोंड उघडलंस तर कापड बंद. धाकटी बहीण घरात एकटी आहे हो. दाराची कडीसुद्धा धड लागत नाही.”

माझी तार न् तार गोठली. अगं, थांब! पण मी ओरडू कसा? माझा आवाज म्हणजे दुसऱ्याचाच आवाज. माझ्यातून येणारं बोलणं सगळ्यांच्या कानात पोचवणारी काचेमागची दुभाषी क्षणभर अडखळली. दिवा लाल असेल तोवर बोलायचं, हा तिचा नियम. ती बोलत राहिली.

“मग नको बोलू, बाळ. मी बोलते.”

“तुम्ही बोललात तर म्हणतील, शिकलेल्या बायांचं खूळ. अक्का, एक सांगा. घरचं काम हे कामच नाही म्हणतात ना हे साहेब? मग मुकादम बंद काय करणार?”

पुढच्या रांगांतल्या माना मागे वळल्या. तिच्याच देशाचा साहेब तिच्याकडे एकटक बघत होता. शेजारची कुणी पुटपुटली, “बाई, चालू आहे तो.”

तिने झटकन बटण दाबून दिवा विझवला. “आता मुकादमाला कळणार. धाकटी...” एवढंच तिच्या तोंडून निघालं.

अक्काने फोन काढला. या देशातून त्या गावात, तिथून त्या गल्लीत, बाईकडून बाईकडे निरोप धावला. ‘पोरीच्या दारात जाऊन बसा.’ उत्तर येईपर्यंत शिवणारी माझी मान घट्ट धरून होती. तेव्हाच ती वाकडी झाली. शेवटी अक्काचा फोन वाजला. “सहा जणी पोचल्या. धाकटी म्हणते, एवढ्यांना चहा कुठून करू?”

संध्याकाळी मतं मोजली. ओळ राहिली. मुकादमाने मात्र कापड बंद केलंच.

आता नवे माईक यायचे आहेत. मागची रांगच काढणार, असंही कानावर येतं. मला धडकी भरते. मित्रांनो, मला खुशाल भंगारात घाला. पण रांग ठेवा. आणि कुणी बोलायला घाबरत असेल, तर ‘मोठ्याने बोल’ म्हणून दटावू नका; जरा जवळ सरका.

काल ती शिवणारी पुन्हा आली. श्वास तसाच, थरथरता. बटण दाबून, वाकून तिने आधी माझा दिवा पाहिला.

“लाल आहे ना? मग ऐका. भीती अजून वाटते.”

आणि बोट बटणावरून काढून तिने बोलायला सुरुवात केली.