तासाला सहा मिनिटं

मित्रांनो, मी एक जुना चावीचा टायमर आहे. पोटात स्प्रिंग, तोंडावर शून्य ते साठ आकडे आणि डोक्यावर एक गोल मूठ. मूठ पिळली की मी टिकटिक करत मागे यायला लागतो आणि शून्यावर पोहोचलो की घंटा वाजवतो. एवढंच माझं काम. मला सेल लागत नाही, वीज लागत नाही, कौतुक तर मुळीच लागत नाही. म्हणजे लागतं, पण त्याशिवायही मी भागवतो.

एका कारखान्यातल्या लांब टेबलावर माझा जन्म झाला. चष्मा लावलेल्या एका बाईने मला कानाशी धरलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि "चालेल" म्हणून खोक्यात ठेवलं. तिथून मी गेलो एका बेकरीत. भट्टीवर काम करणाऱ्या ज्या बाईने मला घेतलं, त्यांना आता या घरात सासूबाई म्हणतात. त्यांच्या हाताखाली मी सतरा वर्षं काढली. पाव, बिस्किटं, केक, दिवसाला पन्नास-साठ वेळा माझी मान पिरगाळली जायची. बेकरीतले लोक म्हणायचे, "बाईंचा टायमर म्हणजे एकदम पक्का." ते ऐकून मला मूठभर मांस चढायचं. अंगात मांस नसतानाही.

सासूबाई निवृत्त झाल्या आणि मीही त्यांच्याबरोबर घरी आलो. ओट्याच्या कोपऱ्यात, मिठाच्या बरणीमागे बसून पाच वर्षं गेली. सासूबाई अधूनमधून बिस्किटं करायच्या, तेवढाच माझा व्यायाम. त्यांची नात मला टिकटिक्या म्हणायची आणि अंगावर पिठाचे हात पुसायची. मला वाटलं, चला, आता राहिलेले दिवस असेच जाणार.

पण त्या वर्षी सूनबाईंवर परीक्षा येऊन पडली.

सूनबाई एका कंपनीत होत्या. ही कंपनी दवाखान्यांत मोठमोठी यंत्रं बसवून द्यायची, आणि ते काम सुरुवातीपासून शेवटापर्यंत सूनबाई सांभाळायच्या. एकदा यंत्र दारात आलं आणि दार चार बोटं अरुंद निघालं. अर्ध्या दिवसात गवंडी उभा करून, दार वाढवून, संध्याकाळच्या आत यंत्र जागेवर बसवणारी ही बाई. अकरा वर्षं हेच करत होती. आता कंपनीने नियम काढला की प्रकल्पाचा प्रमुख व्हायचं तर प्रकल्प व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र हवं. वर्षअखेरपर्यंत ते मिळालं नाही, तर सूनबाईंची जागा एका नव्या माणसाला मिळणार होती. हा माणूस त्यांनीच दोन वर्षांपूर्वी कामाला लावून तयार केलेला. तो बिचारा स्वभावाने वाईट नव्हता, हेच सूनबाईंना जास्त लागायचं.

परीक्षा एकशे ऐंशी प्रश्नांची, वेळ दोनशे तीस मिनिटं. घरातलं सामान ठेवायच्या खोलीत एक टेबल टाकलं गेलं. फोन समोर असला की दर दोन मिनिटांनी कामाचा निरोप येतो, म्हणून फोन बाहेर ठेवला. खोलीत घड्याळ नव्हतं. मग सूनबाई ओट्याकडे आल्या, बरणीमागून मला उचललं आणि म्हणाल्या, "तू चल."

बावीस वर्षांत मला कोणी असं बोलावलं नव्हतं. मी जिवाचं रान करायचं ठरवलं.

रोज सकाळी कामाला जायच्या आधी एक तास, आणि रविवारी दुपारी पूर्ण सराव परीक्षा. तीनदा साठ मिनिटं, एकदा पन्नास. मधे दोन वेळा पाणी प्यायला उठायच्या, म्हणून किती वाजता सुरू केलं आणि किती वाजता संपलं याचा हिशोब कोणी ठेवत नसे. भार माझ्यावर होता. संध्याकाळी नात पुस्तकातले प्रश्न मोठ्याने वाचायची आणि सासूबाई मटार सोलत ऐकत बसायच्या.

"पुरवठादार सांगतो की माल दोन आठवडे उशिरा येईल. तुम्ही सर्वप्रथम काय कराल?" नातीने एकदा विचारलं.

"फोन करून झाडते त्याला," सूनबाई म्हणाल्या.

"चूक. आधी उशिराचा परिणाम तपासायचा."

"तो झाडता झाडताच तपासते मी."

"यात ‘दार लावून झोप काढा’ असा पर्याय नाही का गं?" सासूबाईंनी विचारलं. त्या दिवशी सूनबाई बऱ्याच दिवसांनी हसल्या. अकरा वर्षांत जे शिकल्या होत्या ते बाजूला ठेवून पुस्तकाला हवं तसं उत्तर द्यायचं, हे त्यांना फार जड गेलं. पुस्तकावर डोकं टेकवून त्या कितीदा तरी तशाच बसायच्या. मी मात्र चालत राहायचो, कारण मला थांबायला कोणी सांगितलं नव्हतं.

हळूहळू जमायला लागलं. शेवटच्या चारही रविवारी सगळे प्रश्न सुटले, वर पाच मिनिटं शिल्लक. गुणही छान. मला वाटलं, यात माझाही वाटा आहे.

परीक्षेच्या दिवशी सूनबाई घरी आल्या त्या चपला न काढता स्वयंपाकघरात खुर्चीवर बसल्या.

"अठरा प्रश्न राहिले," त्या म्हणाल्या. "वाचायलासुद्धा मिळाले नाहीत. पडद्यावरची वेळ संपली आणि सगळं बंद झालं. थोडक्यात गेलं, आई. घरी तर दर वेळी पूर्ण व्हायचं."

अभ्यास झाला की मला परत ओट्यावर ठेवलं जायचं, तसा मी तिथेच होतो. सासूबाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"वेळ याच्यावर लावत होतीस?"

"हो. का?"

"अगं, हा तासाला सहा मिनिटं मागे पडतो. बेकरीत असल्यापासून. तासाचं काम असलं की मी चोपन्नावर लावायची."

सूनबाईंनी मनात हिशोब केला असावा. दोनशे तीस मिनिटांना तेवीस मिनिटं, आणि तेवीस मिनिटांत अठरा प्रश्न. इतकी वर्षं लोक ज्याला पक्का म्हणत होते तो पक्का नव्हताच. पक्क्या सासूबाई होत्या, त्या मला सांभाळून घेत होत्या. हे मला त्या दिवशी कळलं.

"मला कधी बोलला नाहीत," सूनबाई हळूच म्हणाल्या.

"मला वाटलं तुला माहीत आहे. रोज तर ओट्यावर असतो." सासूबाई म्हणाल्या. "तू खोलीत काय लावून बसतेस ते मी पाहिलंच नाही गं."

सूनबाई कपाळाला हात लावून बसल्या. "धोक्यांची नोंदवही," त्या म्हणाल्या. "जे एकाला माहीत आहे ते लिहून ठेवा, म्हणजे सगळ्यांना कळेल. आख्खा धडा पाठ केला मी. त्यावरचा एकही प्रश्न चुकला नाही."

दुसऱ्या दिवशी मला पिशवीत घालून त्या घड्याळजीकडे गेल्या. त्यांच्या मनात मला फेकायचं का आलं नाही, मला माहीत नाही. घड्याळजीने माझी पाठ उघडली आणि भिंगातून बराच वेळ पाहिलं.

"स्प्रिंग दमलीय," तो म्हणाला. "याला कधी उघडलंच नाही का कोणी?"

"बंद पडला नाही ना कधी, म्हणून."

"असे बंद पडत नाहीत, ताई. चालत राहतात, फक्त हळू. लोकांना वाटतं ठीक चाललंय."

सूनबाई काउंटरला धरून उभ्या राहिल्या. डोळे भरून आले होते. घड्याळजीला वाटलं टायमर कोणाची तरी आठवण असेल, म्हणून त्याने घाईघाईने नवी स्प्रिंग घालून दिली.

तिथून त्या थेट कामावर गेल्या. मी पिशवीतच होतो, म्हणून सगळं ऐकलं. त्यांनी साहेबांकडे आठ दिवसांची रजा मागितली.

"वर्षअखेरीला सहाच आठवडे राहिलेत. अभ्यासाला हवी का?" साहेबांनी विचारलं.

"नाही सर. अभ्यास झालाय. झोपायला हवीय."

साहेबांनी अर्जावर सही केली. सूनबाई खरंच झोपल्या. पहिले तीन दिवस तर जेवायलाही उठवावं लागलं. मग खऱ्या साठ मिनिटांच्या तासावर त्यांनी पुन्हा सराव केला आणि पाचव्या आठवड्यात दुसऱ्यांदा परीक्षेला बसल्या. त्या दिवशी घरी आल्या आणि "झाले पास" एवढंच म्हणाल्या. उडी मारण्याइतकी ताकद त्यांच्यात उरली नव्हती. जागा मात्र त्यांचीच राहिली.

जेवणं झाल्यावर सूनबाईंनी नातीची एक कोरी वही घेतली. "या घरात एकालाच माहीत असलेली गोष्ट आता राहायला नको," त्या म्हणाल्या. "आई, सांगा. तुम्हाला माहीत आहे आणि आम्हाला नाही, असं काय काय आहे?"

"मला मेलीला काय असणार?" सासूबाई म्हणाल्या आणि भांडी आवरायला लागल्या. सूनबाई वही उघडी ठेवून बसून राहिल्या. भांडी संपली, ओटा पुसून झाला, आणि मग सासूबाई पाठमोऱ्याच म्हणाल्या, "डाव्या डोळ्याने वर्षभर नीट दिसत नाही. तुझी परीक्षा होऊ दे म्हटलं."

मित्रांनो, माझी स्प्रिंग दमली होती तेव्हा मला सांगता येत नव्हतं. मला तोंड आहे, पण त्यावर नुसते आकडे आहेत. तुमच्या घरातल्या माणसांना मात्र बोलता येतं, तरी ती बोलत नाहीत, कारण त्यांचं घरातलं काम काही बंद पडलेलं नसतं. वस्तूंना वर्षातून एकदा उघडून पाहा, तेल द्या. आणि माणसांना विचारा. विचारल्यावर ती आधी नाहीच म्हणतील. तेव्हा उठून जाऊ नका, थोडा वेळ तिथेच बसा.