फक्कीची रेघ

आनंद झाला म्हणून माणसाला शिक्षा करायचा कागद तुम्ही काढलात, कारण आठ खांब दुरुस्त करायचा तुम्हाला कंटाळा आला. हे मी तुमच्या तोंडावर सांगतोय. तुम्ही म्हणजे मैदान समिती, पाच खुर्च्या आणि एक सचिव. गोल झाल्यावर खेळाडूनं किती नाचावं, कुठे नाचावं, यावर तुम्ही दोन तास घासाघीस केलीत. खांबांवर किती मिनिटं बोललात ते कागदात कुठे नाही.

मी आठवडाभर वेल्डिंग करतो आणि रविवारी तुमच्याच मैदानावर रेफरी असतो. चौदा वर्षं झाली. एका सामन्याआधी गोलची जाळी तपासायला गेलो तेव्हा मागच्या कुंपणाला सहज हात टेकला. कुंपण हललं. खाली बसून एका खांबाचा पाय घराच्या किल्लीनं खरवडला, तर गंजाचे पापुद्रे निघाले आणि किल्ली आतच गेली. बारा खांबांपैकी आठ असे. खांबांनी जाळी धरायची असते. इथे जाळीच खांबांना धरून उभी होती.

त्या दिवशीच्या अहवालात शेऱ्याच्या चौकटीत मी हे सगळं लिहिलं. चित्र काढलं, आठ फुल्या मारल्या. दहा दिवसांनी तुमचं परिपत्रक आलं. गोल झाल्यावर खेळाडूने कुंपणाजवळ जाऊ नये, त्यावर चढू नये, प्रेक्षकांना स्पर्श करू नये. कुंपणापासून तीन पावलांवर फक्कीची रेघ मारली जाईल. ती ओलांडणाऱ्यास पिवळे कार्ड.

मी कागद घेऊन सचिवांकडे गेलो.

"साहेब, खांबांचं काय?"

"तेच तर केलं. खेळाडू कुंपणाकडे गेलाच नाही, तर लोक कशाला रेटतील?"

"लोक रेटतातच. मैदानात कुत्रं शिरलं तरी रेटतात."

"तुम्ही कार्ड दाखवा. खांब आम्ही बघतो."

"बघू नका साहेब, वेल्डिंग करा. मी मशीन घेऊन येतो. अर्ध्या दिवसाचं काम आहे."

"तुम्ही रेफरी म्हणून आलात की वेल्डर म्हणून? एक काय ते ठरवा आधी."

खोलीतले सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची मला आजही शरम वाटते.

नंतर तुम्ही मला काच कारखाना विरुद्ध बस डेपो हा सामना दिलात. माझी बायको काच कारखान्यात पॅकिंगला आहे, हे मी लिहून कळवलं होतं. दुसरा रेफरी नाही, असं उत्तर आलं. पॅकिंगच्या बायका दर सामन्याला गोलच्या मागे, कुंपणाला रेलून उभ्या राहतात. ती त्यांची जागाच आहे.

सकाळी बूट घालताना मी तिला म्हटलं, "आज गोलच्या मागे उभी राहू नकोस."

"मग कुठे राहू? तुमच्या खिशात?"

"बाजूच्या पायऱ्यांवर बस."

"तिथे साहेबांच्या बायका असतात. जरा ओरडलं की वळून बघतात, जशी काही त्यांच्या घरात चप्पल घालून शिरले."

"कुंपण कच्चं आहे."

"अहो, तुम्हाला सगळंच कच्चं दिसतं. परवा आईंची खाट हलवून बघत होतात, त्या वर झोपलेल्या असताना."

मी बुटाच्या नाड्या बांधत राहिलो. पुढे बोललो असतो तर तिनं विचारलं असतं, एवढं कच्चं आहे तर सामना का घेताय?

कुंपण एकाच गोलच्या मागे आहे, दुसरीकडे भिंत. पहिल्या अर्ध्यात काचवाले भिंतीच्या बाजूला हल्ले करत होते, तेव्हा मला जरा श्वास घेता आला. गोल झाला नाही. मध्यंतरात पाणी प्यायला बाजूला आलो. लाइनमन आमचा सलूनवाला, त्याच्या नजरेतून काही सुटत नाही.

"तोंड का असं? वस्तरा उलटा फिरल्यासारखं?"

"आज गोल नको व्हायला."

"रेफरीनं असं म्हणू नये रे बाबा. हे म्हणजे मी लोकांचे केस नको वाढायला म्हटल्यासारखं झालं."

मी त्याला खांबांचं सांगितलं. तो हसायचा थांबला. "मग थांबव सामना," म्हणाला. मी म्हटलं, "कशाच्या जोरावर? परिपत्रकात खांब हा शब्दच नाही." त्यानं झेंडा उचलला आणि आपल्या रेघेवर गेला.

दुसऱ्या अर्ध्यात बाजू बदलल्या. आता काचवाल्यांचा प्रत्येक हल्ला कुंपणाकडे. मी पाय बघायचे सोडून जाळी बघत होतो. जाळीपलीकडे पॅकिंगच्या बायका, त्यांच्या मागे भट्टीवाले, त्यांच्या मागे अख्खी पाळी सुटून आलेली. आमची बाई, म्हणजे माझी बायको, मधोमध, दोन्ही हातांची बोटं जाळीत अडकवून.

आता एक गोष्ट कबूल करतो, ती तुमच्या कुठल्याही अहवालात नाही. काचवाल्यांचा पुढचा खेळाडू, भट्टीवर काम करणारा उंच पोरगा, त्याला सगळे उंट म्हणतात. तो एकदा एकटाच गोलसमोर सुटला. ऑफसाइड नव्हता. सलूनवाल्याचा झेंडा खाली होता. तरी मी शिट्टी मारली. चौदा वर्षांत पहिल्यांदा मी खोटी शिट्टी मारली, केवळ भीतीनं. उंट माझ्याकडे बघत राहिला. मी नजर चुकवली.

पण किती अडवणार? पाच मिनिटांत त्यानं डोक्यानं गोल मारला. मारला आणि सुसाट कुंपणाकडे. रेघ ओलांडली, उडी मारली, जाळीत बोटं घालून वर लटकला. पलीकडून बायकांनी त्याच्या बोटांना बोटं लावली. कुंपण पलीकडे झुकलं, परत अलीकडे आलं, आणि मला 'टक' असा आवाज ऐकू आला. एवढ्या गोंगाटात तो कुणाला कळणार नाही. ज्यानं आयुष्यभर सांधे जोडले, त्याला कळतो. एक सांधा गेला होता.

मी धावत जाऊन पिवळं कार्ड काढलं.

"काका, कशासाठी?" उंट वरूनच म्हणाला. बायकोमुळे तो मला काका म्हणतो, मैदानातसुद्धा.

"खाली उतर आधी."

"गोल केला मी. कोणाला लाथ नाही मारली."

"रेघ ओलांडलीस. परत गेलास तर दुसरं पिवळं, म्हणजे बाहेर. पुढचा सामनाही गेला."

"आपल्याच माणसांना हात लावला म्हणून?"

जाळीमागून आमची बाई म्हणाली, "या तुम्ही घरी, बघते." सगळं कुंपण हसलं. हसताना हललं.

त्या वेळी मी उंटाच्या कानात तीन शब्द बोलायला हवे होते. खांब कुजलेत रे. तो शहाणा पोरगा आहे, त्यानं लोकांना हातानं मागे सारलं असतं. मी बोललो नाही. वाटलं, बोललो तर घबराट होईल. वाटलं, समितीच्या कागदात नाही ते रेफरीनं कशाला बोलायचं. तुम्ही माझ्या हातात कार्ड दिलं होतं, मी कार्ड दाखवून मोकळा झालो.

मग डेपोनं भिंतीच्या बाजूला गोल फेडला. एक एक झाली. मी घड्याळ बघत होतो. दोन मिनिटं राहिली. एक राहिलं. बरोबरीत सुटू दे, मी मनात म्हणत होतो. चेंडू डेपोच्या गोलीच्या हातून निसटला आणि उंटानं तो नुसता ढकलला. दोन एक.

उंट सवयीनं कुंपणाकडे पळाला. चार पावलं गेल्यावर त्याला कार्ड आठवलं. तो थांबला, अगदी फक्कीच्या रेघेवर, दोन्ही बुटांची टोकं पांढऱ्यावर. हात पसरून उभा राहिला. काय शिस्त. तुमचं परिपत्रक त्याच्याइतकं कुणी पाळलं नसेल.

आणि तिथेच घात झाला. आधी तो वर लटकला होता तेव्हा मागच्या रांगांना डोक्यांवरून दिसत होता. लोक होते तिथे उभं राहून ओरडत होते. आता तो खाली, तीन पावलं लांब, मागच्यांना दिसेना. ज्यानं सामना जिंकून दिला, तो त्यांच्याकडे येईना. मग ते त्याच्याकडे निघाले. मागची रांग पुढच्या रांगेवर, पुढची जाळीवर. मी चाळीस पावलांवर होतो. आमच्या बाईचा गाल जाळीला लागलेला दिसला. ती हसत होती. मग हसत नव्हती.

माझा हात आपोआप तोंडाकडे गेला. मी शिट्टी मारली.

हे नीट समजून घ्या, कारण तुम्ही मैदानात कधी उतरला नाहीत. गोल झाला की मी शिट्टी मारत नाही, नुसता हात मधल्या वर्तुळाकडे करतो. गोलनंतर माझी शिट्टी वाजली, तर या मैदानावर तिचा अर्थ एकच, गोल रद्द. चौदा वर्षांत मीच तो लोकांना शिकवलाय. मला म्हणायचं होतं, मागे व्हा. त्यांनी ऐकलं, तुमचा गोल गेला.

उंट माझ्याकडे वळला आणि दोन्ही हात डोक्याला लावले. ते बघून मागून जो रेटा आला, तो मी जन्मात विसरणार नाही. मी दोन्ही हात हलवत पळत होतो, नाही नाही, गोल आहे, गोल आहे. कोण ऐकतंय. डावीकडचा पहिला खांब पायातून मोडला, मग दुसरा. ज्या क्रमानं मी फुल्या मारल्या होत्या, त्याच क्रमानं आठही गेले. चांगले चार तेवढे उभे राहिले.

जाळी रेघेवर येऊन पडली. वर माणसं, खाली माणसं. उंट आणि डेपोचा गोली मिळून खांब उचलत होते. मी आमच्या बाईला चपलेवरून ओळखलं. तिचा डावा हात जाळी आणि खांबाच्या मध्ये होता. खांब उचलला तेव्हा ती ओरडली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "आधी सांगा, गोल दिला का?"

"दिला."

"मग शिट्टी का मारलीत?"

मी तिचा हात माझ्या शर्टात गुंडाळला.

सतरा जण जखमी झाले. जीव कुणाचा गेला नाही, हे तुम्ही मला धाडलेल्या पत्रात दोनदा लिहिलंय. आमच्या बाईची दोन बोटं गेली. काच पॅक करताना उजव्या हातानं कागद ओढायचा आणि डाव्यानं पेला फिरवायचा असतो. तीन बोटांत पेला फिरत नाही, तिनं घरी वीस वेळा करून पाहिलं. वाडगे, पेले, जे हाताला लागेल ते. आता ती जिन्याच्या कठड्यालाही हात लावत नाही. मी आधी हलवून दाखवतो, तेव्हा उतरते. आईंच्या खाटेवरून ती जे हसायची, ते बंद झालंय.

तुमच्या पत्रात मला तीन प्रश्न आहेत. काच कारखान्याच्या दुसऱ्या गोलनंतर कार्ड दाखवले का? खेळाडूने रेघ ओलांडली होती का? शिट्टी वाजवण्याचे कारण काय? उत्तरं घ्या. नाही. नाही. मी घाबरलो होतो. महिनाभर घाबरलेलो होतो आणि ते मी तुम्हाला चित्र काढून कळवलं होतं. माझी शिट्टी चुकली, ती चूक मी कुणावर ढकलत नाही, बायकोसमोर रोज बसून ती मी भोगतोय. पण तुमच्या पत्राच्या शेवटी जे वाक्य आहे, 'परिपत्रकाची अंमलबजावणी समाधानकारक', ते लिहिताना कुणाचा हात थरथरला का? आणि त्याखाली नवीन सूचना, की यापुढे गोलनंतर हात पसरून उभं राहिलं तरी कार्ड. उद्या हसला तरी दाखवायचं का?

त्याच पाकिटात येत्या रविवारची नेमणूक आहे. मैदान तेच, काचवाले तेच, रेफरी मी.

काल मी जाऊन आलो. कुंपण परत उभं केलंय. हिरवा रंग मारलाय, बोटाला लागला इतका ओला. खांब तेच आठ, तारेनं बांधलेले. पायाशी माती ओढून घेतलीय, त्यामुळे खाली काय आहे ते दिसत नाही. मी उकरायला बसलो, तर रखवालदार म्हणाला, "साहेबांनी हात लावायला मनाई केलीय." पॅकिंगच्या बायका रविवारी तिथेच उभ्या राहणार आहेत. पॅकिंगला आमच्या बाईच्या जागेवर आता तिची धाकटी बहीण लागलीय, तीही येणार आहे.

तेव्हा चर्चा नको, परिपत्रक नको. त्या आठ खांबांच्या पायाला वेल्डिंग केलंय की नुसता रंग लावलाय? हो की नाही, एका शब्दात लिहा. खाली ज्यानं स्वतः वाकून बघितलं, त्यानं सही करा. शनिवारपर्यंत.