रात्री किती वेळा उठता?

मी सातवीला गणित शिकवते. घोकंपट्टी करणाऱ्या पोरांना वर्गात चांगलं फैलावर घेते. आणि तीच मी आठवडाभर आईकडून उत्तरं घोकून घेत होते, हे आधीच सांगून टाकते. लाज वाटायची ती वाटतेच आहे.

आईला जिथे ठेवायचं ठरवलं होतं, त्या वृद्धनिवासात तीन विभाग होते. पहिल्यात ज्याचं त्याने करायचं. दुसऱ्यात आंघोळीला, कपड्यांना, रात्री उठायला मदतीला माणूस. तिसऱ्यात चोवीस तास कुणीतरी जवळ. आईला दुसरा हवा होता, हे शेंबडं पोरही सांगेल. पण दुसऱ्यासाठी आठ महिने थांबा, आणि पहिल्यात खोली आजच रिकामी. मी तर इतकी थकले होते की फळ्यासमोर उभ्या उभ्या डोळा लागायचा.

"रात्री किती वेळा उठता?" मी विचारायची.

"चारदा. तू धरतेस ना."

"चारदा नाही गं! एकदा. आणि एकटी!"

"बरं बाई, एकदा."

आईला कुठल्या विभागात घ्यायचं, ते ठरवणारी तपासणी दुपारी होती. तिथल्या सिस्टरने विचारलं तसं आईने धडाधड सांगितलं. कपडे? मीच घालते. गोळ्या? माझ्या मी घेते. रात्री? एकदा, एकटी. मी मनातल्या मनात तिला पैकीच्या पैकी गुण दिले. हो, इतकी निर्लज्ज.

सिस्टरने आईच्या हातावरची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली. "आजी, पाणी पीत नाही का?" तिने पेला पुढे केला.

"नको. तीन दिवस झाले, दुपारनंतर बंदच केलंय," आई म्हणाली. "म्हणजे खरंच एकदाच उठावं लागतं. ही मास्तरीण आहे हो. हिच्या तोंडून खोटं नको निघायला."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. त्या तीन रात्री मी सलग झोपले होते. आणि मी शहाणी, म्हटलं, सुधारतेय आई!

"चार वेळा उठते," मी सिस्टरला म्हणाले. "मी धरून नेते. बाकीचंही सगळं मीच पढवलंय. दुसऱ्या विभागाच्या यादीत नाव घाला."

सिस्टरने आधीचं खोडून नव्याने लिहायला घेतलं.

"पी गं आई."

आईने पेला ओठांपर्यंत नेला आणि थांबून माझ्याकडे बघितलं. "सगळं पिऊ?"