माझ्यात दूध कोणी ओतलं?

मित्रांनो, मी लंडनमधल्या एजवेअरच्या एका कम्युनिटी हॉलमधली जुनी इलेक्ट्रिक केटली आहे. माझा कोणावरही विश्वास नाही, हे आधीच सांगते. माझ्यात फक्त पाणी घालायचं असतं, पण लोकांचा काय नेम?

मी नवी होते तेव्हा सगळे कौतुकाने म्हणायचे, किती झटपट पाणी उकळते! पुढे आत क्षार जमले, बाहेर डाग पडले, आणि मला साधं पुसायचंही कोणाला सुचेना.

२००६च्या हिवाळ्यात दर शनिवारी सुचेताबाईंचा वर्ग सुरू झाला. कायदा न शिकलेल्यांना त्या आंतरराष्ट्रीय कायद्याची ओळख करून द्यायच्या. ब्रॅकनेलहून येणारा शार्दूल पहिल्याच दिवशी म्हणाला, देशांच्या डोक्यावर पोलीसच नाही, मग कसला आलाय कायदा? तेव्हाच तो मला खटकला. शिवाय इथल्या चहालाही तो सारखी नावं ठेवायचा.

तिसऱ्या शनिवारी कोणीतरी माझ्यात दूध, साखर, चहा पावडर सगळं घालून बटण दाबलं. अगं आई गं! दूध उतू गेलं, तळ करपला. झाकणाखालून मला हात दिसला नाही, पण शार्दूलच असणार, दुसरं कोण? हॉलची देखभाल करणाऱ्या केअरटेकरने मला वर्गातल्या टेबलावर आदळलं आणि बजावलं, कोणी केलं ते आज कळलं नाही तर केटली कचऱ्यात आणि किचनला कुलूप.

सगळ्यांच्या माना शार्दूलकडे वळल्या. वर्गातली नीना म्हणाली, बाई, तुम्हीच न्यायाधीश व्हा. बाईंनी त्याला विचारलं, खटल्याला तू तयार आहेस का? मी काही केलेलंच नाही, मी कशाला तयार होऊ, असं तो म्हणाला. बाईंनी विषय तिथेच थांबवला. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयातही असंच असतं, त्या म्हणाल्या. देशाची स्वतःची संमती नसेल तर त्याच्यावर खटला चालत नाही.

म्हणजे चोर सुटला की! मला तर कचऱ्याचा डबाच दिसायला लागला.

तेवढ्यात मागून अक्षया उठली. नागपूरहून येऊन तिला जेमतेम महिना झाला होता. लाजेने तिचे कान लाल झाले होते.

"माझ्यावर चालवा खटला," ती म्हणाली. "मी तयार आहे. मला वाटलं, पातेल्यासारखं यातही सगळं एकत्र उकळता येतं."

कोणी हसलं नाही. बाईंनी शार्दूलकडे बघून विचारलं, "इथे पोलीस कुठे होता रे?"

निकाल लागला: नुकसान केलं त्याने भरून द्यायचं. अक्षयाने व्हिनेगर घालून मला तासभर घासलं आणि कोणी न सांगता शार्दूलही मदतीला आला. केअरटेकरने मला परत जागेवर ठेवलं.

मित्रांनो, सगळ्यांच्या वापरातली वस्तू स्वच्छ ठेवा, आणि खात्री नसताना कोणाचं नाव घेऊ नका. मी घेतलं होतं. त्याबद्दल शार्दूलने उद्या माझ्यावर खटला भरायचं म्हटलं, तर मी अक्षयासारखी उठेन का? खरं सांगू, मला माझाही भरवसा नाही.