नानासोंचा खरखरणारा रेडिओ

मी एक जुना ट्रान्झिस्टर आहे. माझ्या चामडी पाकिटाचं बटण तुटलंय, मूठ सुतळीनं बांधलीय आणि आवाज म्हणाल तर खरखरीत. मित्रांनो, ही खरखर लक्षात ठेवा, कारण गोष्ट तिचीच आहे.

नानासो फौजेत होते. चौऱ्याहत्तर साली सुट्टीवर येताना त्यांनी मला कॅन्टीनमधून आणलं. कृष्णाकाठच्या त्या वस्तीवर तेव्हा मी एकटाच. दरवर्षी पोस्टात माझं लायसन काढावं लागे, त्यामुळे मला उगाचच सरकारी माणसाचा तोरा होता. सकाळी सांगली केंद्र लागलं की बाजारभाव ऐकायला शेजारीपाजारी जमत.

माझी एक खोड नानासोंना चांगली ठाऊक होती. लांब कुठं वीज चमकली, की इथं लख्ख ऊन असलं तरी मी खरखरायला लागे. ते बायकोला, राहीबाईंना सांगत, "रेडू कडाडला की आदी हळद झाक, मग माझं जेवान बघ."

पुढं नानासो गेले. शहाण्णव साली त्यांच्या मुलानं, वीरधवलनं, कौलांवर छत्री बसवली. उपग्रहावरून टीव्ही तर येईच, पण रेडिओही येई. दिल्लीचा निवेदक शेजारच्या खोलीत बसल्यासारखा बोले. आवाज कमीजास्त होत नसे, खरखर तर नावालाही नाही. खोटं कशाला बोलू? मला हेवा वाटला. माझी रवानगी गोठ्यातल्या खुंटीवर झाली. धार काढताना राहीबाई मला लावत, तेवढीच माझी नोकरी.

त्या एप्रिलात शिजवलेली हळद अंगणभर वाळत पडली होती. वर्षाची सगळी मेहनत ती. राहीबाई मला चालू ठेवून वैरणीला गेल्या होत्या. दुपारी मी खरखरू लागलो. वीरधवल आत छत्रीवरची गाणी ऐकत होता. त्याला माझा त्रास झाला. तो आला आणि त्यानं माझे सेलच काढून ठेवले.

राहीबाई भारा घेऊन परतल्या. गोठ्यात शिरताच थबकल्या.

"रेडू बंद का रं?"

"लय खरखरत हुता. सेल काढलं मी."

"कवाधरनं खरखरत हुता?"

"झाला की तासभर."

त्यांनी भारा तिथंच टाकला आणि अंगणात धाव घेतली. वीरधवल ऊन दाखवत हसला. पण डोंगराकडून वारा सुटला, तसा तोही पोती घेऊन धावला. निम्मी हळद आत आली. उरलेल्या निम्म्या हळदीवर गारांसकट पाऊस कोसळला. वीज गेली, आतली गाणी थांबली.

निथळत दोघं गोठ्यात उभे राहिले. भिजलेल्या हळदीचं पिवळं पाणी अंगणातून वाहत होतं. राहीबाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुझा बा खुळा न्हवता रं."

वीरधवलनं ओले हात पुसले आणि सेल पुन्हा बसवले. मी अजून खरखरतच होतो. तो माझ्याजवळ पोत्यावर बसून ते ऐकत राहिला.

छत्री अजून कौलांवर आहे. गाणी तिचीच ऐकावीत, हे मीही मान्य करतो. ती आभाळातून सगळं आणते, फक्त आपल्या वस्तीवरच्या आभाळाची खबर तिला नसते. म्हणून मित्रांनो, घरातलं एखादं जुनं माणूस किंवा जुनी वस्तू खरखर करू लागली, तर तिला गप्प करण्याआधी एकदा बाहेर येऊन आभाळाकडे बघा.