जपानी मात्रा

खडकवाडीत पत्र वाचणारा माणूस एकच, नाथाजी हवालदार. पहिल्या लढाईत बसऱ्याला जाऊन आलेले, मिशीला पीळ, आणि मन असं ताठ की साठीला अक्षरं पुसट दिसायला लागली तरी कबूल करतील तर शपथ. पत्र आधी नाकाला लावायचं, मग हात लांब करायचा, थोडा वेळ हं हं करायचं आणि दणक्यात वाचायचं. दिसेल तेवढं पत्रातलं, न दिसेल ते पदरचं. सिद्धूचा बाप सांगलीला दवाखान्यात होता. तिथून पत्र आलं, 'ताप गेला'. हवालदारांनी वाचलं, 'बाप गेला'. सिद्धूनं डोकं भादरलं, सुतक धरलं. दहाव्या दिवशी सगळे नदीवर कावळ्याची वाट बघत बसलेले, तर कावळ्याऐवजी बापच आला आणि कोण गेलं म्हणून विचारायला लागला. हवालदारांनी सांगलीच्या लिहिणाऱ्याच्या अक्षराला शिव्या घातल्या आणि विषय मिटवला. त्यांच्या तोंडाला लागणार कोण?

सत्तेचाळीस सालच्या वैशाखात जोतीराम तारेनं आधी कळवून रजेवर लोणंद स्टेशनात उतरला, तेव्हा त्याला सगळ्यात जास्त भीती याच हवालदारांची होती. लढाई संपल्यावर मराठा पलटण जपानात पहाऱ्याला गेली होती, त्यात हा साधा शिपाई. माघात त्यानं आईला, साळूबाईला, पत्र लिहिलं होतं. थंडी लय हाय. मोरेबाबानं लेन्स दिली, ती ट्रंकेत गुंडाळून ठिवलीया. आणि शेवटी, "हवालदार आबांची नजर गेलीया, पत्रं चुकीची वाचत्यात, म्हणून त्यांच्यासाठी ही काच मागून घेतली. पण त्यांना सांगू नको, राग यील." पत्र टपालात पडलं आणि मग गड्याच्या डोक्यात उजेड पडला, की हे आईला वाचून दाखवणार कोण?

बरं, दुसऱ्या कुणाचा राग असता तर गेला उडत. पण हवालदारांना मनू नावाची लेक होती, आणि जोतीरामाचा जीव तिच्यावर होता. तिचाही होता. हवालदारांनी मात्र कधीच सांगून टाकलं होतं, "ज्याच्या बाहीवर फीत न्हाई, त्याला माझी पोरगी न्हाई." जपानातनं काच नेऊन म्हाताऱ्याला जरा पाघळवावं, एवढाच त्याचा बेत होता. त्या पत्रानं बेतावर पाणी पडलं असणार, हे धरूनच तो गाडीतनं उतरला.

उतरला तर हलगी वाजायला लागली. पुढं हवालदार, हातात झेंडूचा हार, मागं साळूबाई.

"आलं, आमचं लान्सनाईक आलं," हवालदार म्हणाले.

लान्सनाईक कोण आलाय म्हणून जोतीरामानं मागं वळून बघितलं. मागं एक कोंबड्यांची पाटी घेतलेली बाई होती.

"आरं, तूच की," साळूबाई म्हणाली. "तुझं पत्र आबांनी चावडीवर वाचलं. मोरेसाहेबांनी तुला लान्स दिली. बर्फानं फीत खराब हुईल म्हणून तू ती ट्रंकेत गुंडाळून ठिवलीस. परवा तुझं लगीन हाय, मनूसंगं."

आता जे पलटणीत गेले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. लान्सनाईक म्हणजे शिपायाच्या वरची पहिली पायरी, बाहीवर एक फीत. जोतीरामानं लिहिलं होतं लेन्स. त्या 'ले'वरची मात्रा हवालदारांना दिसली नाही, आणि शेजारी नसलेला काना तेवढा दिसला. काना-मात्रेचा फरक, पण त्यावर एक लग्न ठरलं होतं, मांडव पडला होता आणि वडूजच्या पाहुण्यांना सांगावे गेले होते.

जोतीरामाला आनंद झाला आणि घामही फुटला. हवालदार एवढे हसतायत म्हणजे शेवटची ओळ त्यांना दिसलेलीच नव्हती. वाटेत बैलगाडीत त्यानं दोनदा तोंड उघडलं, पण हलगीवाल्याला हवालदारांनी थांबू नको म्हणून बजावलं होतं.

घरी येऊन त्यानं आईला खरं सांगितलं. साळूबाईनं डोक्याला हात लावला, पण क्षणभरच. लगेच नवऱ्याच्या जुन्या पटक्याची पट्टी फाडून ती सुई शोधायला लागली. "एकच पायजे न्हवं? बाहीला टाकून देते."

"आये, खोटी फीत लावली तर पलटणीत कैद करत्यात."

"मग लगीन झाल्यावर उसवू."

तेवढ्यात विरजण मागायच्या निमित्तानं मनू आली. तिनं भिंतीआडून सगळं ऐकलं होतं, आणि ते लपवायची तिला गरजही वाटली नाही.

"आबांना आजच सांगा," ती म्हणाली. "मांडवात कळलं तर चारचौघांत त्यांचं हसं हुईल. मला फीत नको. पण माझ्या बापाला फसवून आलेला नवराबी नको." विरजण न घेताच ती गेली. यानंतर माणूस काय करणार? जोतीरामानं ट्रंक उघडली.

दिवस कलताना हवालदार ओसरीवर बसले होते. सिद्धू आणि आणखी चार-पाच माणसं मांडवाला आंब्याचे डहाळे बांधत होती. दाराआड मनूच्या बांगड्या वाजल्या.

"आण फीत," हवालदार म्हणाले. "सगळ्यांना बघू दे."

जोतीरामानं रुमाल सोडला. आत काळ्या कड्यात बसवलेली, लिंबाएवढी जाड काच.

"आबा, लान्स न्हाई. लेन्स. कॅमेऱ्याची काच."

सिद्धूच्या हातातला डहाळा तसाच राहिला.

"म्हंजे तू शिपाईच?"

"व्हय."

"बाहीवर कायबी न्हाई?"

"घाम हाय, आबा."

"मग लगीन मोडलं," हवालदार शांतपणे म्हणाले, आणि जोतीरामाला ते ओरडले असते तर बरं असं वाटलं. "पण पत्रात लान्सच लिव्हलंय. मी वाचलंय. खोटं तू लिव्हलंस." ते आत गेले आणि स्वतःची पदकं ठेवायच्या डब्यातनं ते पत्र घेऊन आले. जावयाचं पत्र म्हणून पदकांत ठेवलं होतं. एका हातात पत्र धरून त्यांनी दुसरा हात पुढं केला. "आण ती वस्तू. कशापायी फसलो ते बघू तरी."

द्यावीच लागली. आता काच आणि ती शेवटची ओळ यांच्यात फक्त वीतभर अंतर होतं. लग्न तर गेलंच, आता अपमानही वाचतील, या भयानं जोतीरामाची बोबडी वळायची, तर उलट जीभच सुटली. म्हाताऱ्याला बोलण्यात गुंतवायचं म्हणून त्यानं काचेच्या कारखान्याचा इतिहास सुरू केला.

"आबा, ह्याचा कारखाना लय जुना. मालक मोरिता. आमी त्याला मोरेबाबा म्हणायचो."

"जावळीच्या मोऱ्यांतला?"

"चेहऱ्यावरनं तरी न्हाई. त्याचा आजा चष्म्याच्या काचा घासायचा. गावातल्या म्हाताऱ्यांना सुईत दोरा ओवता यीना, म्हणून त्यानं धंदा काढला." इथं म्हाताऱ्यांचा विषय निघाला म्हणून जोतीरामानं जीभ चावली आणि घाईनं एक पिढी ओलांडली. "मग बापानं कॅमेऱ्याच्या काचा सुरू केल्या. कॅमेरा दुसरीकडं व्हायचा. हे म्हणायचे, आमी फक्त डोळा करतो, बाकीचं अंग कुणीबी करा."

हा इतिहास मोरेबाबानं हातवारे करून सांगितलेला आणि जोतीरामानं अंदाजानं समजून घेतलेला, तेव्हा सनावळ्या कुणी मागू नयेत.

"मग लढाई आली. सरकार म्हणालं, कॅमेरे बास, दुर्बिणी करा. हरेक काचेच्या कड्यावर फौजेचा शिक्का. मोरेबाबा म्हणायचा, शिक्का आला आणि आमाला लोक सलाम करायला लागले."

"करणारच," हवालदार म्हणाले.

"मग जपानी हारले. दुर्बिणीला बंदी. सहा म्हयने बाबानं लोणच्याच्या बरण्यांची झाकणं केली."

"दुर्बिणीवाल्यानं?" हवालदारांना मनापासून वाईट वाटलं. बसऱ्याहून आल्यावर त्यांनी स्वतः दोन वर्षं दुसऱ्याच्या म्हशी राखल्या होत्या.

"व्हय. मग उरलेल्या दुर्बिणीच्या काचा घासून त्यानं परत कॅमेऱ्याचा डोळा केला. त्यातला पयला ह्यो. मी पहाऱ्यावर असताना त्याला भाकरी करायला शिकवली, म्हणून दिला. कड्यावर बघा, शिक्का कानशीनं घासलाय. शिक्का गेला, पर काच तीच हाय."

हवालदारांनी कड्यावरून अंगठा फिरवला. मग हात लांब करून काचेतनं अंगणात बघितलं.

"म्हस उलटी टांगलीया," ते म्हणाले. "आणि तूबी. पाय वर."

"लांबनं उलटंच दिसतं, आबा."

"आणि जवळनं?"

 हवालदार काही कुणाच्या उत्तरावर थांबणारे नव्हते. त्यांनी पत्र मांडीवर पसरलं, काच त्यावर धरली आणि वाकले.

 त्यांचे ओठ हलायला लागले. काच पहिल्या ओळीवरनं दुसरीवर गेली, 'लेन्स'वर थांबली, मागं आली, परत थांबली. मग शेवटाकडं सरकली. जोतीरामानं डोळे मिटून घेतले. मनू दारात येऊन उभी राहिली होती आणि तिला कुणी आत जा म्हणालं नाही.

"ऐका रं," हवालदार म्हणाले. "पत्र परत वाचतो."

आणि त्यांनी वाचलं. सावकाश, पदरचा एक शब्द न घालता. थंडी, मोरेबाबा, लेन्स. शेवटच्या ओळीलाही ते थांबले नाहीत. "हवालदार आबांची नजर गेलीया, पत्रं चुकीची वाचत्यात, म्हणून त्यांच्यासाठी ही काच मागून घेतली. पण त्यांना सांगू नको, राग यील."

मांडवात सगळे खाली बघायला लागले.

"सिद्धू," हवालदार म्हणाले, "त्या सांगलीवाल्याचं अक्षर चांगलं हुतं रं. मलाच दिसलं न्हवतं. तुझं डोकं मी फुकट भादरवलं."

"ऊन लय हुतं, आबा," सिद्धू म्हणाला. "बरंच वाटलं मला."

यावर आधी मनू हसली. मग हवालदारांची मिशी हलली, आणि ते हसतायत की रडतायत हे कुणाला नीट कळेना. दोन्ही होतं. इतकी वर्षं सगळा गाव त्यांना सांभाळून घेत होता आणि त्यांना वाटत होतं आपण गावाला सांभाळतोय.

"जोत्या," ते म्हणाले, "हे पत्र मी तवाच नीट वाचलं असतं, तर तुला पोरगी दिली नसती."

"म्हणून तर काच मागनं आणली, आबा."

हवालदारांनी पत्राची घडी घातली आणि ती परत पदकांच्या डब्यात ठेवली. काच मात्र ठेवली नाही. मुंडाशाचा दोरा तोडून त्यांनी ती गळ्यात बांधली.

"डहाळे बांधा," ते सिद्धूला म्हणाले. "आणि हलगीवाल्याला सांगा, परवा वरातीत नाव नीट घ्यायचं. पलटणीनं करायचा तवा लान्सनाईक करू दे. आमी ह्याला आज लेन्सनाईक केला."

साळूबाई तेवढ्यात घाईघाईनं आली. तिच्या हातात लाल फीत टाकलेला सदरा होता.

"उसवा ते," मनू म्हणाली आणि सुई आणायला आत गेली.