परकी पलटण

"वहिनी, तो कोट कुठे असतो हो? यांचा, पलटणीतला?"

अध्यक्षांनी हे विचारलं तेव्हा ते इस्त्रीच्या टेबलावर दोन्ही कोपरं टेकून उभे होते. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. रस्त्याच्या बाजूला मोठी खिडकी, खिडकीला लागून टेबल आणि टेबलामागे ती. हातातल्या शर्टाची बाही तिने पुरी केली, इस्त्री उभी करून ठेवली आणि म्हणाली, "त्याच्यावरच तर टेकलाय तुम्ही, मास्तर."

चटका बसल्यासारखी अध्यक्षांनी कोपरं उचलली. तिने टेबलावरची पांढरी चादर बाजूला केली. खाली जाड, तपकिरी लोकरीचा कोट होता. बाह्या उसवून काढलेला, दुहेरी घातलेला, जागोजाग इस्त्रीने काळा पडलेला.

"लोकर चांगली आहे," ती म्हणाली. "तुमचे सगळे शर्ट आजवर याच्यावरच फिरलेत."

अध्यक्ष हसले. दुसरं करणार काय? पण हसू ओठांच्या पुढे गेलं नाही. सारं गाव त्यांना आता अध्यक्षसाहेब म्हणत असे. ती मात्र मास्तरच म्हणायची. गावाची समिती हातात येण्याआधी ते शाळेचे हेडमास्तर होते, आणि ते विसरू नये असं तिच्याकडे कारण होतं.

तिचा नवरा ऐन विशीत परदेशी गेला होता. गिरणीला टाळं लागलं, घरात तान्ही मुलगी, हाताला काम नाही. अशा वेळी एक एजंट आला. दूरच्या एका देशाला आपल्या लढाईसाठी परक्या माणसांची पलटण उभी करायची आहे, जेवणखाण, कपडे, पगार सगळं वेळेवर, असं तो सांगू लागला. लढाई कोणाची, कशासाठी, हे त्याने सांगितलं नाही आणि रिकाम्या पोटी कोणी विचारलंही नाही. कागदावर 'स्वेच्छेने' असा शब्द होता म्हणे. भुकेलाही इच्छाच म्हणायचं असेल तर तो शब्द खराच होता.

तो परतला तेव्हा मुलगी त्याला ओळखत नव्हती आणि तो एका पायाने लंगडत होता. गावाने त्याचं नाव 'पलटण' ठेवलं. हे तोंडावर. पाठीमागे 'भाडोत्री'. पैशासाठी माणसं मारून आलेला माणूस दारात कशाला, म्हणून त्याला कोणी कामावर घेईना. ज्यांनी आयुष्यात कोंबडीसुद्धा फुकट सोडली नाही, ते लोक त्याला पैशाच्या लोभाबद्दल सुनावत होते! शेवटी लाकडाच्या वखारीत ओंडके उचलायचं काम मिळालं. तिने इस्त्री हातात घेतली.

मग एक दिवस शाळेत हेडमास्तरांनी मुलीला सगळ्या वर्गासमोर उभं केलं. "देशासाठी मरतो तो शहीद आणि पगारासाठी मारतो तो भाडोत्री. सांग बघू, तुझे वडील कोण?" पोर घरी आली आणि ताटावर बसेना. काय झालं ते खोदून खोदून विचारल्यावर तिने सांगितलं. त्या संध्याकाळी आईने खुंटीवरचा कोट काढला, कात्री घेतली आणि शिवण उसवायला बसली. नवरा समोरच बसला होता. उसवलेले धागे तो वेचत राहिला. मग म्हणाला, "कर. लोकर चांगली आहे." बाह्यांची मुलीला टोपी आणि मोजे झाले, उरलेला कोट टेबलावर आला.

आणि आता तेच मास्तर कोट मागायला आले होते.

त्याचं असं झालं, की त्या दूरच्या देशाला आता गावाबाहेर सिमेंटचा कारखाना काढायचा होता. त्यांचे राजदूत जागा बघायला येणार होते. समितीने डोकं खाजवलं, आणि आपल्याच गावातला एक माणूस त्यांच्या लढाईत लढला होता असा शोध लागला. शोध! जो माणूस रोज सकाळी यांच्या दारावरून लंगडत वखारीत जायचा, त्याचा शोध लागायला सिमेंट यावं लागलं.

"यांच्यामुळे गावाचं नाव होईल, वहिनी. आमच्या दृष्टीने हे शूरवीर आहेत."

"कधीपासून?"

तेवढ्यात आतल्या दाराचा पडदा हलला. नवरा दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. "मला बोलावलंय?" त्याने विचारलं. असा उमेदीचा आवाज तिने त्याच्या तोंडून कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता.

"तुम्हालाच, पलटणसाहेब!" अध्यक्ष सुटल्यासारखे म्हणाले. "स्टेजवर नुसतं उभं राहायचं. कोटाचं काय, आम्ही नवा शिवून घेऊ. आणि त्यांची भाषा येतेच तुम्हाला. राजदूतांशी चार शब्द बोललात की झालं!"

"येते ना," नवरा म्हणाला. "इतकी वर्षं राहिलो तिथे."

अध्यक्ष गेले आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, काही वाटतं का तुम्हाला? याच माणसाने आपल्या पोरीला भर वर्गात रडवलं. आज कारखान्याचं तूप दिसलं तर तोंडाला पाणी सुटलंय त्याच्या. आणि तुम्ही लगेच तयार!"

"अगं, एकदा तरी लोकांनी बघावं."

"काय बघावं?"

"हेच, की मी काही चोरी करून आलो नव्हतो."

रात्री मुलीचा फोन आला. ती दुसऱ्या गावी नोकरीला होती. "आई, त्यांना जाऊ देऊ नकोस," ती म्हणाली, "ती माणसं बाबांचं माकड करतील." आईलाही तीच भीती होती. पण आत नवरा आरशासमोर उभा राहून खांदे ताठ करून बघत होता. राग तिचा होता आणि हौस त्याची होती. आपल्या रागापायी त्याची हौस मारायची, तर मग आपल्यात आणि गावात फरक काय, असं तिला वाटलं. "जाऊ दे गं," ती म्हणाली. "मी असेन ना त्यांच्याबरोबर."

नवा गणवेश आला. शिंप्याने नाटकातला राजा डोळ्यांसमोर ठेवून शिवला असावा. खांद्यावर सोनेरी झालर, छातीवर पितळी बटणांच्या दोन रांगा आणि पँट टाचेखाली लोळणारी. शिलाई मोडून पुन्हा घालायला वेळ नव्हता. तिला त्या कापडाचा संताप येत होता, तरी इस्त्री तिने अशी केली की धारेवर बोट कापावं. तिच्या हाताखालून चुरगळलेलं काही जात नसे, मग ते कोणाचंही असो.

शाळेच्या पटांगणात मांडव होता. पहिल्या रांगेत समितीची माणसं, मागे सारं गाव. तिला चौथ्या रांगेत खुर्ची मिळाली. "शूरवीरांच्या पत्नी," असं कोणीतरी शेजारणीला सांगितलं. हीच शेजारीण एकेकाळी आपल्या पोराला यांच्या अंगणात खेळू देत नव्हती. आता तिने पदर सावरून जागा दिली.

अध्यक्षांनी माईक धरला. पूर्वीच्या सम्राटांपासून आजवर परक्या देशांच्या स्वयंसेवकांनी कोणकोणत्या लढाया जिंकून दिल्या, कोणाच्या पलटणी कोणत्या वाळवंटात आणि कोणत्या बर्फात लढल्या, हे सगळं त्यांनी सांगितलं. ऐकायला छान होतं. त्या पलटणींत कोणाची मुलं होती आणि ती घरून का निघाली होती, एवढंच राहून गेलं. "आणि आता," ते म्हणाले, "आपले शूरवीर राजदूतांशी त्यांच्याच भाषेत बोलतील!"

राजदूत तरुण होता. साधा, हसतमुख, माणूस वाईट नव्हता. तो खुर्चीतून उठला, तिच्या नवऱ्याजवळ आला, थोडा वाकला आणि आपल्या भाषेत हळूच काहीतरी म्हणाला.

नवऱ्याच्या तोंडावरचं तेज एकदम मावळलं.

राजदूताने पुन्हा विचारलं, अजून मऊ आवाजात.

नवऱ्याने टाचा जुळवल्या, हनुवटी वर केली आणि एकच शब्द मोठ्याने ओरडला. मांडव दणाणला. टाळ्या पडल्या. तिने मात्र टाळी वाजवली नाही. तो शब्द ती ओळखत होती. झोपेत तो हाच शब्द ओरडायचा. त्याचा अर्थ होता, हजर.

राजदूत गोंधळला, हसला, आणि आता जरा लांबलचक काहीतरी बोलू लागला. नवऱ्याच्या कपाळावर घाम आला. मग त्याने दोन्ही हात समोर पसरले. तळवे वर. क्षणभर थांबून तळवे खाली. आणि हात तसेच धरून तो समोर नजर लावून उभा राहिला.

राजदूताला काय करावं कळेना. अध्यक्षांनाही कळेना. कोणीतरी खुदकन हसलं. फोटो काढणाऱ्याने फोटो काढला.

तिला कळलं. फार पूर्वी त्याने एकदा सांगितलं होतं. पलटणीत रोज सकाळी साहेब छडी घेऊन रांगेपुढून जायचा आणि प्रत्येकाचे हात बघायचा. नखात मळ दिसला की त्या दिवशी जेवण बंद. हात बघून पुढे. तोंडाकडे कोणी बघायचं नाही. आता साहेब समोर उभा होता, कळत नाही असं काहीतरी बोलत होता, आणि तिच्या नवऱ्याला एवढंच सुचलं होतं की हात दाखवावेत.

म्हणजे भाषा येते ती ही! ऊठ, बस, धाव, मार, चूप, हजर. तरुणपणाची सगळी वर्षं त्या देशात गेली आणि तिथे कोणी त्याला 'कसा आहेस' एवढंही विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर ते शब्द कळले असते. तिला त्या देशाची चीड आली. आणि त्याच दमात गावाची आली, जास्तच आली. कारण इथली भाषा तर त्याच्या आईची होती, आणि या भाषेत तरी गावाने त्याला दुसरं काय म्हटलं होतं? चल, उचल, ठेव, बाजूला हो.

ती उठली. पायऱ्यांशी कार्यकर्ता आडवा आला, "काकू, आत्ता नाही." तिने त्याच्याकडे असं बघितलं की तो आपोआप बाजूला झाला. ती सरळ नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. त्याचे हात तसेच पुढे होते. तिने ते आपल्या हातात घेतले, एकेक बोट नीट बघितलं, उलटवून नखं बघितली.

"स्वच्छ आहेत," ती म्हणाली.

त्याने हात खाली घेतले.

"वहिनी, अहो वहिनी," अध्यक्ष दबक्या आवाजात म्हणाले, "कार्यक्रम चालू आहे. आभारप्रदर्शन राहिलंय."

"तुमचे आभार तुमच्यापाशी ठेवा, मास्तर. फोटो झाला ना तुमचा? मग माझा माणूस मला परत द्या."

माईक समोरच होता. सगळ्यांनी ऐकलं. पहिल्या रांगेत काही जण बुटांकडे बघू लागले. राजदूताला भाषा कळली नाही, पण तो मागे सरला आणि मान खाली घालून त्याने वाट दिली. त्या दिवशी स्टेजवर तेवढंच एक शहाणपण घडलं.

दोघं मागच्या फाटकाने बाहेर पडली. रस्ता रिकामा होता, गाव सगळं मांडवात. लांब पँट त्याच्या लंगडत्या पायात अडकायला लागली, तशी ती त्याला थांबवून रस्त्यातच खाली बसली आणि पँट वर दुमडू लागली.

"अगं," तो म्हणाला, "तो साहेब काय विचारत होता?"

तिला काय माहीत? "विचारत होता, कसे आहात," ती म्हणाली.

ती एक पाय दुमडून दुसऱ्याकडे वळली.

"मग सांगायला पाहिजे होतं," तो म्हणाला.

"काय सांगितलं असतंत?"

त्याने बराच विचार केला. शेवटी समोरच्या रिकाम्या रस्त्याकडे बघत, कोणी समोर उभं असल्यासारखं, तो हळूच म्हणाला, "बरा आहे."

तिने दुसरा पायही दुमडला आणि उठताना त्याच्या हाताचा आधार घेतला.